कारखान्यावरचा रिकामा वेळ: बेळगाव सीमाभागात पहिल्यांदा साईटवर जाणाऱ्यांसाठी

साखर कारखान्याच्या साईटवर जाणाऱ्याला काम किती आहे ते आधी सांगतात. रिकामा वेळ किती मिळेल ते कुणी सांगत नाही, कारण ते कुणालाच माहीत नसतं. सुटा भाग कोल्हापूरहून यायचा राहतो, बॉयलर थंड व्हायला वेळ लागतो, सही करणारे साहेब बेंगळुरूला मीटिंगला गेलेले असतात. चिक्कोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी, गोकाक, खानापूर या तालुक्यांत मी मशिनरीच्या सर्व्हिसिंगसाठी बरीच वर्षं जातोय. दरवर्षी नवी मुलं तेच विचारतात: "सर, तिथं काम नसताना करायचं काय?" एकदाच लिहून ठेवतो. ऑडिटवाले, बँकेचे इन्स्पेक्टर, पॅनल बसवणारे फिटर, सगळ्यांना उपयोगी पडावं.

एक गोष्ट मात्र आधी डोक्यात बसवा. इथला मोकळा वेळ खऱ्या अर्थाने तुमचा नसतो. फोन आला की परत जावंच लागतं. म्हणून "किती तास मोकळे आहेत" यापेक्षा "बोलावलं तर किती वेळात परत येईन" हे बघून बेत करा. खालचे टप्पे त्याच हिशोबाने लावले आहेत.

१. निघण्यापूर्वी दोन फोन आणि एक कॅलेंडर

पहिला फोन कारखान्याच्या टाइम ऑफिसला. राहण्याची सोय कॉलनीतल्या गेस्ट हाऊसमध्ये आहे की तालुक्याच्या गावच्या लॉजवर? कॅन्टीन रात्री किती वाजता बंद होतं? साफसफाईसाठी मिल कधी थांबणार? मिल थांबते तेव्हा बाकीच्यांना उसंत मिळते आणि आपल्याला जेवायलाही फुरसत नसते, त्यामुळे त्या दिवशी फिरायचा बेत आखू नका.

दुसरा फोन तिथे नुकत्याच जाऊन आलेल्या सहकाऱ्याला. नेटवर्क कुठल्या कंपनीचं चालतं, हे फक्त तोच खरं सांगेल.

आता कॅलेंडर. १ नोव्हेंबर हा कर्नाटकाचा राज्योत्सव, आणि त्याच दिवशी मराठी माणसं काळा दिवस पाळतात. बेळगाव शहरात त्या दिवशी कामाशिवाय फिरू नका. डिसेंबरमध्ये सुवर्ण विधानसौधात अधिवेशन असलं की शहरातले लॉज आमदार, अधिकारी आणि मोर्चेवाल्यांनी भरतात. खोली आधी पक्की करा. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला, आणि माघातच चिंचलीच्या मायाक्काला यात्रा भरते. त्या दिवसांत त्या बाजूच्या बसमध्ये पाय ठेवायलाही जागा नसते.

बॅगेत काय हवं:
– आधार कार्ड आणि कंपनीचं ओळखपत्र, दोन्हीच्या झेरॉक्ससह (लॉजवर मागतातच)
– कारखान्याचं गेटपास पत्र, सही-शिक्क्याचं
– गाडी नेणार असाल तर आरसी, विमा, पीयूसी
– थोडी रोकड, सुट्ट्या नोटांत. यूपीआय सगळीकडे चालतं, पण खानापूरच्या जंगलपट्ट्यात नेटवर्क नसेल तर नुसता मोबाईल दाखवून चहा मिळत नाही
– मोबाईलमध्ये आधीच डाउनलोड केलेला जिल्ह्याचा नकाशा
– टॉर्च, मच्छरांची अगरबत्ती किंवा क्रीम, पातळ चादर
– दोन जाड पुस्तकं. बारीक पुस्तक पहिल्याच रात्री संपतं

२. पहिल्या संध्याकाळी फक्त ओळखी करा

सामान टाकलं की मोबाईल घेऊन पडू नका. कॉलनीतून पायी एक चक्कर मारा. चहाची टपरी, मेडिकल, बस कुठे थांबते आणि शेवटची बस किती वाजता, एवढं बघून घ्या. गेस्ट हाऊसच्या आचाऱ्याशी आणि गेटवरच्या वॉचमनशी ओळख सगळ्यात महत्त्वाची. वयाने मोठ्या माणसाला काका, मामा किंवा अण्णा म्हणा, बाईमाणसाला अक्का. चिक्कोडी-निपाणीकडे आणि खानापुरात मराठीत बोललात तर कुणी वळून बघत नाही, "जेवलासा काय ओ?" अशी चौकशी तिकडूनच होते. गोकाक, रायबाग, अथणीकडे कानडी जास्त. तिथे तीन वाक्यं पुरतात: "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का, "एष्ट्री?" म्हणजे कितीला, आणि "ननग कन्नडा बरंगिल्री" म्हणजे मला कानडी येत नाही. शेवटचं वाक्य कानडीतच म्हटलं की समोरचा हसून मराठीत बोलायला लागतो, हा माझा अनुभव.

त्याच आचाऱ्याकडून एका कागदावर कारखान्याचं नाव, जवळचं गाव आणि तालुक्याचं नाव कानडी लिपीत लिहून घ्या. बसच्या पाट्या बहुतेक कानडीतच असतात. कागद समोर धरला की स्टँडवर कुणीही बस दाखवतं.

३. अर्धा-पाऊण तास मोकळा असेल तर

गेटच्या बाहेर फार लांब जायचं नाही. ऊस गाळपाच्या हंगामात सगळ्यात बघण्यासारखी जागा म्हणजे ऊसाचा यार्ड. टायरगाड्या (टायरच्या बैलगाड्या), डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, ट्रक, आणि वजनकाट्यावरची भांडणं. जवळच कोप्यांमधून, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांतून, बीडकडची ऊसतोड कुटुंबं उतरलेली असतात. ही माणसं मराठी, पण त्यांचा दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो, म्हणून बोलायचं तर संध्याकाळी, तेही चुलीपाशी बोलावलं तरच. फोटो काढत सुटू नका. त्यांच्या घराचा फोटो काढायचा तर आधी विचारा.

आसपास गुऱ्हाळ चालू असेल तर नक्की जा. काहिलीत रस उकळताना काकवी कोणत्या क्षणी काढायची, हे गुळव्याकडून ऐकण्यासारखं असतं. आपल्या कारखान्यातल्या पॅनच्या (रस आटवून साखर करायच्या भांड्याच्या) कामाशी त्याचं नातं लगेच कळतं. गरम काकवी जपून प्या, तोंड भाजतं.

संध्याकाळी कॉलनीच्या मैदानावर व्हॉलीबॉल असतो. "एक माणूस कमी आहे" असं ऐकू आलं तर लाजू नका. दुसऱ्या दिवशी स्टोअरमधून बोल्ट मिळवायला त्याचा किती उपयोग होतो ते बघाच.

४. दुपार मोकळी मिळाली तर: तुम्ही कुठे आहात त्यावर

निपाणी-चिक्कोडी बाजूला असाल तर निपाणी हे तंबाखूचं गाव. बाजारपेठेत फिरताना वास नाकात बसतो. जुन्या शेतकऱ्यांशी गप्पा निघाल्या तर १९८१च्या तंबाखू आंदोलनाबद्दल विचारा. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला होता. त्या काळी तिथे असलेली माणसं अजून भेटतात आणि मनापासून सांगतात. गावाबाहेर तवंदी घाटात स्तवनिधीचं जैन तीर्थ आहे, संध्याकाळी शांत असतं. कृष्णेकाठी यडूरला वीरभद्राचं देऊळ. नदीकाठी बसायचं असेल तर तेच बरं.

हुक्केरी, घटप्रभा, गोकाक पट्ट्यात असाल तर तुमचं नशीब चांगलं. गोकाकचा धबधबा सगळे सांगतात: घटप्रभा नदी साधारण ५२ मीटर खाली पडते, समोरून झुलता पूल जातो, कडेला १८८०च्या दशकात उभी राहिलेली सूतगिरणी आणि चालुक्यकालीन महालिंगेश्वराचं देऊळ. पण ऐका. हे दृश्य पावसाळ्यातलं. जानेवारीत गळीत ऐन जोरात असताना गेलात तर बहुतांश खडकच दिसेल. पूल बंद असेल तर वॉचमनशी हुज्जत घालू नका. मार्कंडेय नदीवरच्या गोडचिनमलकीलाही हेच लागू. दोन टप्प्यांत पडणारा देखणा धबधबा, पण पाणी असेल तेव्हाच.

हिवाळ्यात त्यापेक्षा घटप्रभा पक्षी अभयारण्य बघा. धुपदाळच्या बंधाऱ्यामागे पाणी पसरलेलं असतं आणि नोव्हेंबर ते मार्चमध्ये तिथे उत्तरेकडून कांड्या करकोचे येतात. नेमका आपला हंगाम. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा. दुपारी बारा वाजता गेलात तर पक्षी लांब बेटांवर ठिपक्यांसारखे दिसतील आणि तुम्हाला डोकेदुखी होईल. साध्या दुर्बिणीनेही खूप फरक पडतो. मला विचाराल तर अख्ख्या जिल्ह्यात रिकाम्या दुपारीसाठी याहून चांगली जागा नाही, आणि कारखान्यातली निम्मी माणसं तिथे कधी गेलेली नसतात.

घटप्रभेवरचं हिडकल धरण त्याच बाजूला. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं. हंगाम लांबला आणि एप्रिल-मेमध्ये तिथेच अडकलात तर चौकशी करा.

रायबाग, अथणी, कागवाड बाजूला अथणीत चपलांच्या कारागिरांकडे जा. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. बेळगाव त्यात आहे. माप देऊन चप्पल करून घेता येते, पण वेळ लागतो. पहिल्या दिवशी माप द्या, काम संपेपर्यंत तयार होईल. शेडबाळ, उगार, कुडची ही गावं मिरज-बेळगाव रेल्वेमार्गावर आहेत, त्यामुळे पॅसेंजर पकडून मिरजेला जाता येतं. तिथल्या सतारमेकर गल्लीत भोपळ्यापासून तंबोरा होताना बघायला मिळतो. गाणं कळत नसलं तरी सुतारकाम कळतंच.

५. पूर्ण सुट्टी मिळाली तर

पूर्ण सुट्टी म्हणजे काय, ते साईट इंचार्जकडून स्पष्ट विचारून घ्या. "आज काही नाही, फिरून या" आणि "आज सुट्टी" यात फरक आहे. पहिल्यात दुपारी दोनला फोन येतो.

बेळगाव शहर एका दिवसात आरामात होतं. सकाळी किल्ला. आत कमल बसदी (जैन मंदिर) आहे, १२०४ साली रट्ट राजांच्या काळात बांधलेली. छताला दगडी कमळ लटकलेलं, त्याच्याखाली दोन मिनिटं मान वर करून उभं राहा. किल्ला आणि कॅम्पच्या भागात लष्कराची ठाणी आहेत, तिथे कॅमेरा बाहेर काढू नका. त्यानंतर टिळकवाडीत वीरसौध. १९२४ सालचं काँग्रेस अधिवेशन इथे भरलं होतं आणि गांधीजी अध्यक्ष होते. काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांनी आयुष्यात तेवढं एकदाच घेतलं. अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे. दुपारी जेवून मराठी वाचायची हौस असेल तर सार्वजनिक वाचनालय गाठा, १८४८ पासूनची संस्था आहे. वर्तमानपत्र हवं तर सीमाभागाच्या बातम्या 'तरुण भारत'मध्ये गावागणिक मिळतात. कुठे कुस्ती मैदान आहे, कुठे यात्रा आहे हे त्यातूनच कळतं.

याच बातम्यांत हिवाळ्यात आणखी एक गोष्ट शोधा: ग्रामीण मराठी साहित्य संमेलनं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी अशा गावांत ती भरतात. ग्रंथदिंडी, मांडव, दुपारी गावजेवण, मग कथाकथन आणि कविसंमेलन. शहरातल्या संमेलनासारखी खुर्चीची धडपड नाही. बाहेरगावचा माणूस दिसला की जेवायला आग्रह करतात, नाही म्हणू नका. येळ्ळूरला गेलात तर राजहंसगडही होईल, रस्ता वरपर्यंत जातो.

खानापुरात मुक्काम असेल तर हलशी चुकवू नका. ही कदंबांची जुनी पलाशिका. भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे, जवळ पडकी जैन बसदी आहे, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर देवळात तुम्ही आणि पुजारी एवढेच. वाटेत नंदगडला कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या बाजूने इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी लागते. २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला तिथेच फाशी दिलं. लोक मुलाबाळांसाठी नवस बोलायला येतात, चपला लांब काढा. किल्ल्यांची आवड असणाऱ्यांनी कित्तूर वेगळ्या दिवसासाठी ठेवा. राणी चन्नम्माच्या वाड्याचे अवशेष आणि संग्रहालय दोन्ही बघायला अर्धा दिवस जातो, आणि जवळच देगावचं कमलनारायण मंदिर आहे.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला हा रस्ता सुंदर आहे, कणकुंबीला मलप्रभेचा उगमही आहे. पण त्या जंगलात वाटेल तिथे घुसता येत नाही. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे आणि आतल्या धबधब्यांकडे जायला वनखात्याची परवानगी लागते. "आम्ही नेतो, कुणी विचारत नाही" म्हणणारा पोरगा भेटला तर त्याच्याबरोबर चहा प्या आणि परत या.

६. येणं-जाणं: इथेच जास्त फसगत होते

रेल्वे स्टेशनच्या नावात "रोड" असेल तर सावध व्हा. चिक्कोडी रोडला उतरून चिक्कोडी लगेच येत नाही आणि गोकाक रोडला उतरून गोकाक नाही. पुढे बस किंवा टमटम धरावी लागते. रात्रीच्या गाडीने उतरणार असाल तर कारखान्याची गाडी आधी सांगून ठेवा.

कर्नाटक परिवहनच्या साध्या बसमध्ये राज्यातल्या रहिवासी महिलांना जून २०२३ पासून प्रवास मोफत आहे. चांगली सोय आहे, पण सकाळ-संध्याकाळी आणि बाजारच्या दिवशी बस तुडुंब असते. महिला सहकाऱ्यांनी लक्षात ठेवावं: आधारवर महाराष्ट्राचा पत्ता असेल तर तिकीट काढावं लागतं.

बाईक उसनी मिळाली तर दिवसाच चालवा. हंगामात अंधार पडल्यावर टायरगाड्या आणि ट्रॉल्या दिव्याशिवाय, रिफ्लेक्टरशिवाय चालतात, पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच उभी करून ड्रायव्हर गावात जातो, आणि सांडलेल्या ऊसावरून चाक घसरतं. समोरून प्रखर हेडलाईट आला की पुढची ट्रॉली दिसतच नाही. संध्याकाळी साडेसहानंतर दुचाकीवर नाही, हा नियम मी सोबतच्या सगळ्यांना घालतो. कुणी कंटाळलं तरी चालेल.

७. जेवण

कॅन्टीनच्या जेवणाला कंटाळलात की तालुक्याच्या गावात लिंगायत खानावळ शोधा. ज्वारीची भाकरी, एण्णेगायी म्हणजे भरलं वांगं, शेंगाचटणी, दही. भाकरी कडक आणि मऊ अशा दोन्ही मिळतात, आधी सांगा. चटणी पहिल्या दिवशी बेताने घ्या, ती दिसते त्यापेक्षा तिखट असते. उघड्यावरचं पाणी टाळा. हंगामात कारखान्याभोवती माश्या फार असतात.

८. काय बोलायचं, काय नाही

सीमाप्रश्न तुम्ही काढू नका. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो अजून चालू आहे. टपरीवर बसून तो सुटणार नाही. समोरच्याने विषय काढला तर ऐका. मराठी माणूस असेल तर त्याच्या घरात कुणीतरी आंदोलनात लाठ्या खाल्लेल्या असतात, आणि शेजारी बसलेला कानडी मित्र त्याचा बालमित्र असतो. दोघेही एकमेकांशी नीट राहतात, मध्ये पडून पुण्याची मतं ऐकवणारा तिसरा दोघांनाही नको असतो. वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बस बंद होतात. अशा वेळी कंपनीची महाराष्ट्र पासिंगची गाडी कॉलनीतच उभी ठेवा आणि ऑफिसला कळवा की परतायला एक दिवस उशीर होईल.

९. पावसाळ्यातली ड्युटी

ऑफ सीझनला ओव्हरहॉलिंगसाठी जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर रिकामा वेळ जास्त आणि फिरायची सोय कमी. धबधबे तेव्हाच बघण्यासारखे. पण चिक्कोडी तालुक्यातले कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड यांसारखे खालच्या पातळीचे बंधारे दरवर्षी पाण्याखाली जातात. २०१९च्या ऑगस्टमध्ये तर निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गच बंद झाला होता. पुलावर घोटाभर पाणी दिसलं तरी गाडी घालायची नाही. गावचा माणूस घालत असेल तर त्याला घालू द्या. कोयना आणि इतर धरणांतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की त्या दिवशी नदी ओलांडून लांब जाऊ नका, सकाळी गेलेला रस्ता संध्याकाळी नसतो.

१०. निघताना

शेवटच्या दिवशी सर्व्हिस रिपोर्टवर सही आधी घ्या, खरेदी नंतर. कुंदा खव्याचा असतो, म्हणून तो निघायच्या दिवशीच बेळगावात घ्या. गोकाकचा करदंट डिंक, गूळ आणि सुक्या मेव्याचा, तो चार दिवस आधी घेतला तरी चालतो. गेस्ट हाऊसच्या वहीत जेवणांची नोंद तपासा, कारण ऑफिसला बिल त्यावरूनच जातं आणि शाकाहारी माणसाच्या नावावर मटण लागलेलं मी पाहिलंय. किल्ली वॉचमनकडे द्यायची, आचाऱ्याच्या हातात काही ठेवायचं असेल तर सगळ्यांसमोर नको, आणि मोबाईलचा चार्जर भिंतीच्या प्लगमध्ये राहिला नाही ना, एवढं एकदा बघून घ्या.